फायरप्लेस इन्सर्ट

फायरप्लेस इन्सर्ट म्हणजे विटांच्या किंवा दगडी फायरप्लेसच्या पोकळीत बसवली जाणारी बंदिस्त शेगडी होय. ती ओतीव लोखंडाची किंवा जाड पोलादी पत्र्याची असून तिच्या दाराला उष्णता सहन करणारी सिरॅमिक काच असते. खुल्या फायरप्लेसमध्ये जळणाऱ्या लाकडाची बहुतांश उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. इन्सर्टमध्ये आगीला मिळणारी हवा नियंत्रित असल्यामुळे त्या उष्णतेचा मोठा भाग खोलीत राहतो. वायू, लाकडाच्या भुशापासून बनवलेल्या गोळ्या (पेलेट) आणि वीज यांवर चालणारे इन्सर्टही असतात. या लेखात लाकूड जाळणारा इन्सर्ट आणि त्याची घरातील सुरक्षित स्थापना यांचा विचार केला आहे.

इन्सर्ट दिसायला साधी लोखंडी पेटी असली, तरी त्याची सुरक्षितता मुख्यतः त्याच्या वरच्या, न दिसणाऱ्या धुराड्यावर अवलंबून असते. खुल्या आगीसाठी बांधलेले रुंद धुराडे बंदिस्त आगीसाठी बहुधा योग्य नसते. या विसंगतीमुळे धुराड्यात आग लागणे आणि कार्बन मोनॉक्साइड वायू घरात परतणे हे दोन प्रमुख धोके निर्माण होतात.

## संज्ञा

फायरप्लेस म्हणजे भिंतीत बांधलेला व वर धुराडे असलेला आगीचा कोनाडा. युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत खोली तापवण्यासाठी तो पूर्वापार बांधला जात असे. अशा कोनाड्यात नंतर बसवलेल्या शेगडीस अमेरिकेत व कॅनडात 'इन्सर्ट', तर ब्रिटनमध्ये 'इनसेट स्टोव्ह' म्हणतात. खोलीत पायांवर स्वतंत्र उभी राहणारी शेगडी सर्व बाजूंनी उष्णता देते. इन्सर्टची फक्त दर्शनी बाजू खोलीकडे असते. त्यामुळे अनेक इन्सर्टना दुहेरी कवच असते व त्यातून विजेच्या पंख्याने हवा खेळवून ती तापलेली हवा खोलीत सोडली जाते.

## इतिहास

खुल्या फायरप्लेसमध्ये वाया जाणारी उष्णता वाचवण्याचे प्रयत्न अठराव्या शतकापासून झालेले दिसतात. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या दशकाच्या आरंभी फायरप्लेसमध्ये बसणारी लोखंडी शेगडी तयार केली आणि १७४४ मध्ये तिची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने देऊ केलेले एकस्व (पेटंट) त्यांनी नाकारले. या मूळ रचनेत धूर आधी खाली वळवून मग धुराड्यात नेला जाई. मार्ग थंड असला की धूर नीट ओढला जात नसे. पुढे इतरांनी हा वळसा काढून टाकला आणि त्या सुधारित रूपालाच 'फ्रँकलिन शेगडी' हे नाव रूढ झाले.

काउंट रमफोर्ड या नावाने प्रसिद्ध असलेले शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्पसन यांनी १७९० च्या दशकात फायरप्लेसचा आकारच बदलला. कोनाडा उथळ करणे, बाजूच्या भिंती तिरप्या करणे आणि धूर वर जाण्याचा घसा अरुंद करणे या त्यांच्या सुधारणांमुळे खोलीत अधिक उष्णता परावर्तित होऊ लागली व धूरही कमी झाला.

आधुनिक इन्सर्टचा प्रसार १९७३ च्या तेलसंकटानंतर झाला. इंधनतेल महागल्याने अमेरिकेत लाकडाच्या शेगड्यांना मोठी मागणी आली. त्या काळात अनेक ठिकाणी इन्सर्ट जुन्या फायरप्लेसमध्ये नुसता सरकवून ठेवला जाई. त्याच्या तोंडापासून धुराड्यापर्यंत कोणतीही नळी जोडली जात नसे व धूर मोकळ्या पोकळीत सोडला जाई. अशा स्थापनेला पुढे 'स्लॅमर' असे नाव पडले. मंद जळणारी आग आणि थंड, रुंद धुराडे एकत्र आल्याने आतील भिंतींवर चिकट ज्वलनशील थर झपाट्याने साचू लागला आणि धुराड्यातील आगींचा प्रश्न गंभीर झाला. या अनुभवातून इन्सर्ट धुराड्याशी थेट जोडण्याचा नियम पुढे आला.

## रचना व कार्य

इन्सर्टच्या जळणकक्षाला आतून उष्णतारोधक विटांचे किंवा फळ्यांचे अस्तर असते. दाराच्या कडेला काचतंतूच्या दोरीची गॅस्केट बसवलेली असते. त्यामुळे दार बंद केल्यावर हवा केवळ ठरलेल्या झडपेतूनच आत येते. या हवेचा एक भाग लाकडाच्या तळाशी जातो. दुसरा भाग तापून वरच्या छिद्रांतून धुरात मिसळतो व धुरातील न जळलेले वायू पेटवतो. कक्षाच्या वरच्या बाजूस असलेला आडवा पडदा (बॅफल) ज्वाळांना लांबचा मार्ग घ्यायला लावतो.

धूर पूर्ण जळण्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. काही इन्सर्टमध्ये उत्प्रेरकाचा लेप दिलेली जाळी असते. तिच्यामुळे हेच ज्वलन सुमारे ३०० अंशांच्या आसपास होऊ शकते. पहिल्या प्रकाराची निगा सोपी असते, तर दुसऱ्या प्रकारात मंद आगही स्वच्छ जळते. मात्र उत्प्रेरक कालांतराने बदलावा लागतो.

खुल्या फायरप्लेसची कार्यक्षमता साधारणतः १० ते १५ टक्क्यांपर्यंतच असते. आग खोलीतील तापलेली हवा सतत धुराड्यात ओढत असल्याने बाहेरची थंड हवा फटींतून आत येते आणि घराच्या इतर खोल्या उलट थंड होऊ शकतात. प्रमाणित इन्सर्टची कार्यक्षमता सर्वसाधारणपणे ६० ते ८० टक्के असते.

## धुराडे व लायनर

### ओढ कशी निर्माण होते

धुराड्यातील तापलेले वायू बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलके असतात. या फरकामुळे ते वर चढतात व त्यांच्या जागी खोलीतील हवा आगीकडे येते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात. धुराडे जितके उंच व आतील वायू जितके उष्ण, तितकी ओढ जोरदार असते. खुल्या आगीतून हवेचा प्रचंड प्रवाह वर जातो, म्हणून तिचे धुराडे रुंद बांधलेले असते. इन्सर्टमधून फारच थोडे वायू बाहेर पडतात आणि उष्णता खोलीत काढून घेतल्याने ते तुलनेने थंडही असतात.

हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होतो. आतून ३०० × ३०० मिलिमीटर असलेल्या जुन्या धुराड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर भरते. अनेक इन्सर्टच्या तोंडाचा व्यास १५० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर असते. या धुराड्यात शिरताच वायूंना पाचपट जागा मिळते आणि त्यांचा वेग सुमारे एक पंचमांश होतो. सावकाश चढताना ते थंड भिंतींना अधिक काळ स्पर्श करतात, आणखी निवतात आणि ओढ क्षीण होते.

अमेरिकेतील 'एनएफपीए २११' या मानकात म्हणूनच क्षेत्रफळाची मर्यादा घातलेली आहे. धुराडे पूर्णतः घराच्या आत असेल, तर त्याचे क्षेत्रफळ इन्सर्टच्या तोंडाच्या तिपटीहून अधिक नसावे. धुराड्याची एखादी भिंत बाहेरच्या थंड हवेत उघडी असेल, तर दुपटीहून अधिक नसावे. वरील उदाहरणातील धुराडे दोन्ही कसोट्यांवर अपात्र ठरते.

### लायनर

या अडचणीवरील रूढ उपाय म्हणजे लायनर (अस्तरनळी). जुन्या धुराड्यात इन्सर्टच्या तोंडापासून शिखरापर्यंत स्टेनलेस स्टीलची अखंड नळी सोडली जाते. लाकडाच्या धुरासाठी बहुधा ३१६ प्रतीचे किंवा त्याच्या समकक्ष पोलाद वापरतात. ॲल्युमिनियमचे लायनर केवळ विशिष्ट वायू-उपकरणांसाठी असतात व लाकडाच्या आगीत ते टिकत नाहीत. वळणदार धुराड्यासाठी लवचिक, तर सरळ धुराड्यासाठी कडक नळी सोयीची ठरते. नळीचा व्यास इन्सर्टच्या तोंडाइतका ठेवतात. उत्पादकाने मान्यता दिल्याखेरीज तो कमी करता येत नाही.

लायनरभोवती सिरॅमिक लोकरीचे आवरण गुंडाळले जाते किंवा नळी व विटा यांमधील जागेत व्हर्मिक्युलाइटयुक्त हलके मिश्रण ओतले जाते. या उष्णतारोधनाने वायू शिखरापर्यंत उष्ण राहतात. शिवाय धुराड्यात आग लागलीच, तर विटांपलीकडच्या लाकडी तुळया वाचण्याची शक्यता वाढते. अनेक जुन्या घरांत तुळया विटांना अगदी टेकलेल्या असतात. तेथे उष्णतारोधनाशिवाय बसवलेला लायनर पुरेसा मानला जात नाही.

फायरप्लेसच्या घशाशी लायनरभोवती पोलादी पत्रा बसवून पोकळी बंद करतात. हा पत्रा नसल्यास खोलीतील उष्ण हवा लायनरच्या बाहेरून वर निघून जाते. शिखरावर झाकणपट्टी व टोपी असते. टोपीमुळे पाऊस व पक्षी आत येत नाहीत.

## स्थापनेपूर्वीची तपासणी

कार्यरत दिसणारे धुराडे सुरक्षित असेलच असे नाही. मातीच्या नळ्यांचे अस्तर आतून तडकलेले असू शकते, सांधे मोकळे झालेले असू शकतात, किंवा जुन्या घरांत अस्तर मुळीच नसते. एनएफपीए २११ मध्ये तपासणीच्या तीन पातळ्या दिलेल्या आहेत. धुराड्याला जोडलेले उपकरण किंवा इंधन बदलताना त्यांपैकी दुसरी पातळी आवश्यक असते. या पातळीत धुराड्यात कॅमेरा सोडून आतील पृष्ठभाग पाहिला जातो आणि माळा, छप्पर व तळघर येथून बाहेरील बाजू तपासल्या जातात. तपासणीआधी साचलेली काजळी व क्रिओसोट पूर्णपणे काढणे गरजेचे असते. जुना थर तसाच ठेवून वर लायनर बसवला, तर तो थर नळीबाहेर कायमचे इंधन म्हणून शिल्लक राहतो.

फायरप्लेस कोणत्या प्रकारची आहे हे ठरवणेही तितकेच महत्त्वाचे असते. काही घरांत विटांसारखी दिसणारी फायरप्लेस प्रत्यक्षात कारखान्यात बनवलेली पत्र्याची पेटी असते व तिच्याभोवती लाकडी सांगाडा असतो. अशा पेटीत इन्सर्ट बसवण्यास इन्सर्टच्या मान्यतापत्रात स्पष्ट परवानगी असेल तरच तो बसवता येतो. जागा करण्यासाठी पेटीचे पत्रे कापल्यास मागील लाकूड उघडे पडण्याचा धोका असतो.

फायरप्लेसची रुंदी, उंची व खोली मोजताना मागील बाजूची रुंदी व उंचीही घेतात, कारण बहुतेक कोनाडे आत निमुळते होत जातात. इन्सर्टचे वजन शंभर किलोहून अधिक असू शकते. त्यामुळे फायरप्लेसच्या तळाची मजबुती पाहावी लागते.

## ज्वलनशील भागांपासून अंतर

लाकूड साधारणतः २५० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेते. मात्र वर्षानुवर्षे कमी तापमानात तापत राहिलेले लाकूड हळूहळू कोळशासारखे बनते व त्याहून कमी उष्णतेतही पेटू शकते. त्यामुळे 'इतकी वर्षे काही झाले नाही' हा अनुभव सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. हाताला भिंत केवळ गरम लागते यावरूनही आतील तुळईची स्थिती कळत नाही.

अमेरिकी निवासी इमारत संहितेनुसार घरात असलेले विटांचे धुराडे व लाकडी बांधकाम यांमध्ये किमान २ इंच (सुमारे ५१ मिलिमीटर) मोकळी जागा लागते. फायरप्लेसच्या तोंडासमोर किमान १६ इंच व दोन्ही बाजूंना ८ इंच न जळणारी फरशी असावी लागते. तोंडाचे क्षेत्रफळ ६ चौरस फूट किंवा अधिक असल्यास ही अंतरे अनुक्रमे २० व १२ इंच होतात. लाकडी जमिनीवर केवळ पातळ टाइल चिकटवल्याने ही अट पूर्ण होत नाही. टाइल जळत नाही, पण उष्णता खालच्या लाकडापर्यंत पोहोचवते.

फायरप्लेसवरील शोभेची लाकडी फळी (मँटल), बाजूच्या लाकडी पट्ट्या व शेजारची भिंत यांपासूनचे अंतर प्रत्येक इन्सर्टच्या पुस्तिकेत दिलेले असते. हे आकडे त्या विशिष्ट नमुन्याच्या चाचणीतून आलेले असल्याने एका नमुन्याचे अंतर दुसऱ्याला लावता येत नाही. पुस्तिका व स्थानिक नियम यांत फरक असेल, तर अधिक कडक अट पाळली जाते.

## स्थापनेचा क्रम

इन्सर्ट बसवण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीकडून व स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीने केले जाते. त्याचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

1. धुराडे साफ करून तपासले जाते व आढळलेले दोष दुरुस्त केले जातात.
2. फायरप्लेसमधील जुनी झडप काढली जाते किंवा कायमची उघडी ठेवली जाते. तळाशी राख टाकण्याचे भोक असल्यास ते बंद करतात. आग पेटवण्यासाठी वायूची नळी असल्यास ती अधिकृत कारागिराकडून बंद करून घेतात.
3. छपरावरून लायनर खाली सोडला जातो. उष्णतारोधक आवरण आधीच गुंडाळलेले असते.
4. घशाशी पोलादी पत्रा बसवून त्याच्या कडा उष्णतारोधक द्रव्याने बंद केल्या जातात.
5. इन्सर्ट कोनाड्यात सरकवून समतल केला जातो व त्याच्या तोंडाला लायनर स्क्रूने पक्का जोडला जातो.
6. शिखरावर झाकणपट्टी व टोपी बसवली जाते.
7. ओढीची व गळतीची धूर सोडून चाचणी घेतली जाते. त्यानंतर दर्शनी पट्ट्या बसवल्या जातात.
8. कार्बन मोनॉक्साइडचा व धुराचा इशारा देणारी यंत्रे बसवून तपासली जातात.

दर्शनी पट्ट्या लावल्यावर जोडणी दिसेनाशी होते. म्हणून अधिकाऱ्याची पाहणी त्याआधी होणे इष्ट असते. ब्रिटनमध्ये धूरमार्गाचा प्रकार, आकार व स्थापनेची तारीख नोंदवणारी सूचनापट्टी घरात कायम लावावी लागते. फायरप्लेसच्या मूळ रचनेत बदल केला असेल, तर ती पुन्हा खुल्या आगीसाठी वापरू नये अशी धातूची पट्टी आत लावण्याची अट अनेक उत्पादक घालतात. पुढे कोणी इन्सर्ट काढल्यास त्या घरातील नव्या रहिवाशास हा इशारा मिळतो.

धुराड्याची उंची ठरवताना अमेरिकेत एक सोपा नियम वापरतात. शिखर छपरातून बाहेर पडते त्या जागेपासून किमान ३ फूट उंच असावे आणि १० फुटांच्या परिघातील छपराच्या कोणत्याही भागाहून किमान २ फूट वर असावे. उंची कमी असल्यास छपरावरून वळणारा वारा धूर खाली दाबू शकतो.

एका धूरमार्गाला सर्वसाधारणपणे एकच उपकरण जोडले जाते. दोन उपकरणे जोडल्यास एकाचा धूर दुसऱ्यावाटे खोलीत येऊ शकतो.

## हवापुरवठा

आगीला लागणारी हवा शेवटी घराबाहेरूनच यावी लागते. जुन्या घरांत ती दारे-खिडक्यांच्या फटींतून येते. नव्या, घट्ट बांधलेल्या घरांत ती पुरेशी मिळत नाही. स्वयंपाकघरातील मोठा एक्झॉस्ट पंखा किंवा कपडे वाळवण्याचे यंत्र घरातील हवा बाहेर फेकते. तेव्हा घरातील दाब कमी होतो आणि धुराड्यातील वायू उलटे खोलीत ओढले जाऊ शकतात. आग मंदावलेली व ओढ क्षीण झालेली असताना, म्हणजे बहुधा रात्री उशिरा, हा धोका सर्वाधिक असतो.

इंग्लंडमधील इमारत नियमांच्या 'जे' भागातील मार्गदर्शनानुसार जुन्या, तुलनेने सैल बांधणीच्या घरात ५ किलोवॉटवरील प्रत्येक किलोवॉटमागे ५५० चौरस मिलिमीटर कायम उघडा झरोका लागतो. घट्ट बांधणीच्या घरात तो पहिल्या किलोवॉटपासून लागतो. काही इन्सर्टना बाहेरील हवा थेट जळणकक्षात आणणारी नळी जोडता येते.

## प्रमुख धोके

### क्रिओसोट व धुराड्यातील आग

लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ, डांबरासारखी द्रव्ये व न जळलेले वायू असतात. धूरमार्गाचा पृष्ठभाग साधारण १२० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल, तर ही द्रव्ये त्यावर गोठतात. या साक्याला क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला तो भुसभुशीत असतो व ब्रशने निघतो. पुढे तो खपल्यांसारखा आणि शेवटी काचेसारखा चकचकीत व कठीण होतो. हा शेवटचा थर साध्या ब्रशने निघत नाही.

क्रिओसोट पेटल्यास धुराड्यातील तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. मातीचे अस्तर तडकते, सांधे उघडतात व आग तुळयांपर्यंत पोहोचते. मोठी घरघर, शिखरातून उडणाऱ्या ठिणग्या व थरथरणारी नळी ही तिची लक्षणे होत. मात्र काही आगी कुणाच्या लक्षातही न येता विझतात आणि मागे तडकलेले धुराडे ठेवून जातात. आग लक्षात आल्यास इन्सर्टचे दार व हवेच्या झडपा बंद करणे, सर्वांना घराबाहेर काढणे आणि अग्निशमन दलास बोलावणे हे उपाय सांगितले जातात. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतल्याने अस्तर फुटू शकते व उसळणारी वाफ इजा करू शकते. अशा आगीनंतर तपासणी होईपर्यंत इन्सर्ट वापरला जात नाही.

### कार्बन मोनॉक्साइड

अपुऱ्या हवेत जळणाऱ्या लाकडापासून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग, वास किंवा चव नसते. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट सहजतेने जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर व गोंधळ ही लक्षणे साध्या आजारासारखी वाटतात. झोपेतील व्यक्तीला तर ती जाणवतच नाहीत. घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे व बाहेर गेल्यावर तो कमी होणे ही महत्त्वाची खूण मानली जाते.

धुराचा वास येत नाही म्हणून हा वायूही नाही असे मानता येत नाही. लाकडाच्या ज्वाळा शमून केवळ निखारे उरले असताना धूर दिसत नाही, पण हा वायू निर्माण होत राहतो. त्यामुळे इशारायंत्र आवश्यक समजले जाते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१० पासून घन इंधनाचे उपकरण बसवताना ते अनिवार्य आहे. तेथील मार्गदर्शनानुसार यंत्र छतावर असल्यास कोणत्याही भिंतीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर असावे आणि शेगडीपासून त्याचे आडवे अंतर १ ते ३ मीटर असावे. इशारायंत्र ही अखेरची संरक्षक फळी असते. ते सदोष धुराड्याची भरपाई करू शकत नाही.

## मानके व नियम

अमेरिकेत इन्सर्टची सुरक्षा-चाचणी 'यूएल १४८२' व लायनरची 'यूएल १७७७' या मानकांनुसार होते, तर स्थापनेसाठी एनएफपीए २११ वापरले जाते. कॅनडात स्थापनेसाठी 'सीएसए बी३६५' ही संहिता आहे. युरोपात इनसेट शेगड्यांसाठी 'ईएन १३२२९' हे मानक रूढ झाले. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत कारागीर आपल्या कामाचे प्रमाणपत्र स्वतः देऊ शकतो. इतरांनी केलेल्या कामाची सूचना स्थानिक इमारत नियंत्रण विभागास द्यावी लागते. जर्मनीत जिल्ह्याच्या अधिकृत धुराडे-सफाईगाराने तपासून मान्यता दिल्याशिवाय नवी शेगडी पेटवता येत नाही.

धुरासंबंधीचे नियमही कडक होत गेले आहेत. लंडनमधील डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्यानंतर ब्रिटनमध्ये १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला व त्यातून धूर-नियंत्रण क्षेत्रे निर्माण झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये लाकडाच्या शेगड्यांसाठी पहिली राष्ट्रीय मर्यादा घातली. मे २०२० पासून नव्या शेगड्यांसाठी ती ताशी २.० ग्रॅम सूक्ष्म कण इतकी आहे. नेहमीच्या सरपणावर चाचणी घेतल्यास २.५ ग्रॅमची मर्यादा लागू होते. मॉन्ट्रियल शहरात ऑक्टोबर २०१८ पासून ताशी २.५ ग्रॅमहून अधिक कण सोडणारी उपकरणे वापरण्यास मनाई आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून नव्या घन-इंधन शेगड्यांना कार्यक्षमतेचे व उत्सर्जनाचे निकष लागू झाले.

## इंधन व देखभाल

योग्य रीतीने बसवलेला इन्सर्टही ओल्या लाकडाने धोकादायक होतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळपास निम्मे पाणी असू शकते. हे पाणी उकळण्यात उष्णता खर्च होते, आग थंड राहते व क्रिओसोट वाढतो. लाकूड फोडून, वरून झाकून व बाजूंनी हवा खेळती ठेवून सहा महिने ते दोन वर्षे वाळवले जाते. आर्द्रता २० टक्क्यांपेक्षा कमी असणे योग्य मानले जाते. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणासाठी हीच मर्यादा कायद्याने लागू आहे. आर्द्रतामापक वापरताना ओंडका नव्याने फोडून त्याच्या आतील बाजूवर मोजमाप घेतात.

रंगवलेले किंवा रासायनिक प्रक्रिया केलेले लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक व घरातील कचरा जाळल्यास विषारी वायू निर्माण होतात. समुद्राकाठी वाहून आलेल्या लाकडातील मिठाने स्टेनलेस स्टीलचा लायनर गंजतो. केवळ लाकडासाठी बनवलेल्या इन्सर्टमध्ये दगडी कोळसा जाळू नये. आग पेटवण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरणे अत्यंत धोक्याचे असते.

रात्रभर आग टिकावी म्हणून भरपूर लाकूड घालून हवा जवळजवळ बंद करण्याची सवय आढळते. अशा धुमसणाऱ्या आगीतून सर्वाधिक क्रिओसोट तयार होतो. काचेवर काळा थर साचणे हे आग थंड किंवा लाकूड ओले असल्याचे सहज दिसणारे लक्षण होय.

धुराडे वर्षातून किमान एकदा तपासून घेतले जाते व वापर अधिक असल्यास अधिक वेळा साफ केले जाते. दाराची गॅस्केट तपासण्यासाठी दारात कागद धरून ते बंद करतात. कागद सहज ओढला गेल्यास गॅस्केट बदलावी लागते. राखेत दडलेले निखारे काही दिवस धगधगत राहू शकतात. म्हणून राख घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर, इमारतीपासून दूर, न जळणाऱ्या जमिनीवर ठेवली जाते.

## टीका व मर्यादा

प्रमाणित इन्सर्ट खुल्या फायरप्लेसपेक्षा कितीतरी कमी धूर सोडतो. तरीही वायू किंवा विजेवरील उपकरणांच्या तुलनेत त्याचे सूक्ष्म कणांचे उत्सर्जन अधिकच असते. दाट वस्तीत हिवाळ्यातील स्थिर हवेत हा धूर जमिनीलगत साचतो व दमा आणि हृदयविकार असलेल्यांना त्रासदायक ठरतो. प्रयोगशाळेतील चाचणी व घरातील प्रत्यक्ष वापर यांत तफावत असते, असाही आक्षेप घेतला जातो. खर्चाच्या दृष्टीने इन्सर्टची किंमत ही एकूण खर्चाचा केवळ एक भाग असते. लायनर, उष्णतारोधन व धुराड्याची दुरुस्ती यांचा खर्च कधीकधी त्याच्या बरोबरीला जातो. या भागातच काटकसर करण्याचा मोह सर्वाधिक होतो, आणि घराची सुरक्षितता याच भागावर अवलंबून असते.

## भारतातील संदर्भ

भारतात सिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी ब्रिटिशकालीन इमारतींत फायरप्लेस आढळतात. काश्मीर व लडाखमध्ये पत्र्याची बुखारी वापरली जाते. महाराष्ट्र व गोव्यातील हवामानात खोली तापवण्याची अशी गरज क्वचितच भासते. मात्र अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा जुन्या घरांतील फायरप्लेसशी संबंध येतो.

धूर बाहेर नेण्याचा प्रश्न मराठी वाचकास अपरिचित नाही. भारत सरकारने १९८० च्या दशकात सुरू केलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातील अनेक चुलींना धूर बाहेर सोडणारी नळी जोडलेली होती. नळी काजळीने भरली की अशी चूलही निरुपयोगी ठरे. उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपल्याने आणि शहरांतील कोंदट न्हाणीघरांत गॅस गीझर वापरल्याने होणारे मृत्यू कार्बन मोनॉक्साइडमुळेच घडतात. साधने निराळी असली, तरी ज्वलनाला पुरेशी हवा आणि निर्माण झालेल्या वायूंना बाहेर पडण्याचा खात्रीचा मार्ग या दोन गरजा सर्वत्र सारख्याच आहेत.

## हे सुद्धा पहा

- धुराडे
- चूल
- क्रिओसोट
- कार्बन मोनॉक्साइड विषबाधा
- बुखारी